एक डबा मागितला तर एकच डबा देणारी रेल्वे

मसुराच्या घाऊक बाजारात ‘कॅनडा’ हा शब्द वाणाच्या नावासारखा वापरतात. देशी मसूर वेगळा, कॅनडा वेगळा, दोघांचे भाव वेगळे. हा कॅनडाचा मसूर बहुतांशी सस्कॅचेवान या एकाच प्रांतात पिकतो. प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाऊस कमी पडतो, गावं विरळ आहेत, आणि शेतातून निघालेलं बरंच धान्य अगोदर एका छोट्या रेल्वेवर चढतं. तिचं नाव ग्रेट वेस्टर्न रेल्वे. मुख्य कचेरी शॉनव्हन नावाच्या लहान गावात, आणि मालकी त्याच भागातल्या शेतकऱ्यांची आणि स्थानिक पालिकांची.

अशा रेल्वेला तिकडे शॉर्टलाइन म्हणतात. कॅनेडियन नॅशनल आणि कॅनेडियन पॅसिफिक या दोन बड्या कंपन्यांनी नको म्हटलेले फाटे घ्यायचे, त्यावरचे डबे गोळा करायचे, जंक्शनवर बड्या कंपनीच्या हवाली करायचे आणि रिकामे डबे परत आणायचे, एवढंच तिचं काम. प्रवासी नाहीत, टपाल नाही, वेळापत्रकही जेमतेम.

नाशिक जिल्ह्यात कांदा, द्राक्षं, मका, भाजीपाला यांच्याशी संबंध असलेल्या प्रत्येकाने ही व्यवस्था समजून घ्यावी असं मनापासून वाटतं, कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे: तुम्ही किती माल आणल्यावर रेल्वेने तुमच्याकडे बघायचं? आपल्याकडे लासलगाव, निफाड किंवा नाशिकरोडच्या मालधक्क्यावर जायचं तर हिशोब रेकचा, म्हणजे अख्ख्या मालगाडीचा. बंदिस्त डब्यांची रेक डब्याच्या प्रकाराप्रमाणे ४० ते ५८ डब्यांची, मिनी रेक २० डब्यांची. एका डब्यात साठेक टन धान्य बसतं, म्हणजे मिनी रेक भरायलाही हजार टनांच्या वर माल एका वेळी, एका जागी, ठरलेल्या तासांत हवा. तेवढा माल व्यापारी उभा करू शकतो, एकटा शेतकरी नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली तेव्हा तिचं खरं महत्त्व, पुढे मिळालेल्या भाड्यातल्या सवलतीपेक्षाही, याच गोष्टीत होतं. थोडा माल घेऊन आलेल्यालाही तिच्यात जागा होती. कॅनडाच्या शॉर्टलाइनवर एकटा शेतकरी एक डबा मागू शकतो, आणि तो हक्क त्याला कायद्याने दिला आहे.

तो हक्क भांडून मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रेअरीच्या, म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेतल्या गवताळ, सपाट मुलखात रेल्वे पोहोचली आणि दर आठ-दहा मैलांवर लाकडी धान्य-एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवून डब्यांत चढवणारी उंच कोठारं, उभी राहिली. घोडागाडीने एका दिवसात जाऊन परत येता यावं, म्हणून हे अंतर. १९३० च्या दशकात त्यांची संख्या साडेपाच हजारांवर गेली. रेल्वे डबे द्यायची ते एलिव्हेटरवाल्यांना, मग भाव, वजन आणि प्रत तेच ठरवणार. मॅनिटोबा ग्रेन ॲक्टने शेतकऱ्याला स्वतःचा डबा मागायची मुभा दिली, तरी स्टेशनवर डबे एलिव्हेटरलाच जात राहिले. १९०२ मध्ये शेतकऱ्यांच्या संघटनेने सिंटालूटा या स्टेशनच्या एजंटवरच खटला भरला. डब्यांच्या मागणीची वही ठेवायची आणि ज्याचा नंबर आधी त्याला डबा आधी, हा नियम त्याने मोडला होता. एजंट दोषी ठरला आणि वरच्या कोर्टातही निकाल टिकला. १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात खेरवाडीला रुळांवर बसलेल्या शेतकऱ्यांची आठवण ज्या जिल्ह्यात अजून ताजी आहे, तिथे या खटल्याचं मोल वेगळं सांगायला नको. शेतकऱ्याने स्वतः मागवून स्वतः भरलेल्या डब्याला तिकडे ‘प्रोड्यूसर कार’ म्हणतात आणि त्याची मागणी आजही कॅनेडियन ग्रेन कमिशनकडे नोंदवतात.

शॉर्टलाइन जन्माला आल्या त्या मात्र भाड्याच्या भांडणातून. १८९७ च्या क्रोज नेस्ट करारात कॅनेडियन पॅसिफिकने सरकारी मदतीच्या बदल्यात धान्याचं भाडं कमी करून तिथेच गोठवायचं कबूल केलं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं ते भाडं जवळजवळ हललं नाही. शेतकऱ्याला ते अमृत होतं, पण रेल्वेला धान्याच्या प्रत्येक पोत्यावर तोटा. तोटा देणाऱ्या फाट्यावर कोण खर्च करणार? रूळ झिजले, स्लीपर कुजले, वेग उतरला. १९८४ पासून सरकार फरकाची रक्कम रेल्वेला देऊ लागलं आणि १ ऑगस्ट १९९५ ला तेही बंद झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या कॅनडा ट्रान्सपोर्टेशन ॲक्टने नको असलेला फाटा सोडण्याची वाट सोपी केली. तो फाटा कंपनीच्या तीन वर्षांच्या आराखड्यात निदान १२ महिने दिसला पाहिजे. मग जाहिरात द्यायची आणि घेणाऱ्यांना पुढे यायला निदान ६० दिवस द्यायचे. कोणी आलं नाही तर सरकार आणि पालिकांपुढे प्रस्ताव ठेवायचा, तो निव्वळ भंगाराच्या किमतीला: रूळ, फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), कामाचे स्लीपर यांसारख्या मालमत्तेचं मोल, वजा ते उखडून जागा साफ करायचा खर्च.

या किमतीच्या सूत्रावर क्षणभर थांबायला हवं, कारण अनेक गावांचं नशीब त्याने ठरवलं. लोखंडाचा भाव चढला की तोच फाटा गावाला महाग पडतो, जरी त्यावरून जाणारा माल तेवढाच असला तरी. आणि जड रुळांचा चांगला फाटा हलक्या रुळांच्या फाट्यापेक्षा भंगारात महाग, म्हणजे वाचवण्यासारख्या मार्गालाच जास्त पैसे मोजायचे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, भाग विकून ही रक्कम उभी केली. आपल्या साखर कारखान्यांच्या भागभांडवलाचीच ही पद्धत.

या नव्या जमान्याची सुरुवात १९८६ मध्ये आल्बर्टातल्या सेंट्रल वेस्टर्नने केली. ग्रेट वेस्टर्नचे फाटे २००० मध्ये कॅनेडियन पॅसिफिककडून एका खासगी कंपनीने घेतले आणि २००४ मध्ये स्थानिक शेतकरी आणि पालिकांनी ते आपल्या ताब्यात आणले. आल्बर्टात कॅमरोज ते अलायन्स हा फाटा २०१० मध्ये बॅटल रिव्हर रेल्वेने घेतला, ती तर सरळ शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे. महाराष्ट्राला खासगी फाटे नवे नाहीत. बार्शी लाइट रेल्वे १९५४ पर्यंत कंपनीची होती, विदर्भातली शकुंतला रेल्वे कापसासाठीच बांधली. पण त्यांचे मालक लांबचे होते. शकुंतला कापूस पिकवणाऱ्यांच्या मालकीची नव्हती.

आता डबा कसा भरतात ते बघू, कारण सगळी कमाई आणि सगळं नुकसान तिथेच ठरतं.

धान्याचा डबा म्हणजे झाकणाचा हॉपर. वर लांबट तोंड, खाली उतरते कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला सरकती झडप. यातले हजारो डबे केंद्र सरकारने १९७२ पासून विकत घेऊन रेल्वेला वापरायला दिले. सस्कॅचेवान आणि आल्बर्टा प्रांतांनीही प्रत्येकी हजार घेतले. गोलसर पोटाचा तो हॉपर प्रेअरीची ओळखच बनला आहे. त्याआधी गहू साध्या चाळीस फुटी बंद डब्यांत जायचा. दाराला आतून फळ्या ठोकायच्या, फटी कागदाने बुजवायच्या आणि बंदरावर फावड्याने उपसायचा. हॉपरमध्ये साधारण ९० टन गहू बसतो. तिकडे धान्य बुशेलने मोजतात आणि गव्हाचं बुशेल २७.२ किलोचं, म्हणजे एक डबा ३,३०० बुशेलचा. दोन ट्रेलर जोडलेला मोठा ट्रक ४३-४४ टन आणतो, त्यामुळे दोन खेपांत एक डबा भरतो. शेतकरी मनात हिशोब मांडतो तो असाच: दोन ट्रक, एक डबा.

रिकामा डबा साइडिंगला, म्हणजे माल भरायच्या बाजूच्या रुळावर, लागला की आधी खाली वाकून झडपा बघायच्या. प्रत्येक झडप पूर्ण मिटलेली आहे का, खिटी बसली आहे का. अर्धा इंच फट राहिली तर वर ९० टन पडल्यावर ती झडप हाताने बंद होत नाही आणि गहू रुळांवर सांडत राहतो. मग शिडीने वर चढून आत डोकवायचं. मागच्या खेपेचं धान्य कोपऱ्यात चिकटलं आहे का, पाणी किंवा बर्फ आहे का, वास येतो का. मोहरीसारख्या कॅनोलाचे दाणे राहिलेल्या डब्यात मसूर भरला तर बंदरावर प्रत घसरते, आणि तेव्हा काहीच करता येत नाही. पडताळणी झाली की डब्याला हँडब्रेक, चाकाला अडसर, आणि मगच ऑगर लावायचा.

ऑगर म्हणजे नळीत फिरणारा लांब स्क्रू, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा. ट्रकच्या तळातून धान्य त्याच्या तोंडाशी पडतं आणि वर डब्यात जातं. नवखा माणूस इथे चूक करतो ती एकच कप्पा तोंडापर्यंत भरून मग पुढच्याकडे वळण्याची. त्याने एका बोगीवर, म्हणजे डब्याच्या एका टोकाखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, भार जास्त पडतो. एकूण वजन मर्यादेत असलं तरी एका टोकाची चाकं जड होतात, दुसऱ्या टोकाची हलकी, आणि वाईट रुळावर हलकं टोक आधी घसरतं. म्हणून प्रत्येक कप्पा थोडा थोडा, दोन-तीन फेऱ्यांत भरायचा. मसूर गव्हापेक्षा जड पडतो, त्यामुळे डबा अजून रिकामा दिसत असताना वजनाची मर्यादा आलेली असू शकते. दिसण्यावर जायचं नाही, ट्रकच्या काट्याची पावती बघायची.

ओलाव्याचंही तसंच. गहू १४.५ टक्क्यांपर्यंत कोरडा धरतात. त्याच्यावर गेला की दाम कापला जातो, आणि उन्हाळ्यात डबा कुठे आठ-दहा दिवस अडकला तर धान्य तापतं. आपल्या कांद्याच्या चाळीत हवा खेळती नसली की होतं तेच. भरून झाल्यावर झाकणं मिटून सील लावायचं, सीलचा आणि डब्याचा नंबर लिहून घ्यायचा.

यात शेतकऱ्याचे पैसे वाचतात ते एलिव्हेटरचं चढ-उताराचं आणि साफसफाईचं शुल्क द्यावं लागत नाही म्हणून. जोखीमही त्याच्याकडेच येते. अधिकृत वजन आणि प्रत बंदरावरच्या टर्मिनलमध्ये ठरते, व्हँकुव्हरला किंवा थंडर बेला, आणि पैसे त्यानंतर. २०१२ पर्यंत गव्हाचा खरेदीदार व्हीट बोर्ड हा ठरलेला होता. १ ऑगस्ट २०१२ ला बोर्डाची मक्तेदारी संपली आणि डबा मागण्याआधी टर्मिनलवर घेणारा शोधण्याचं कामही शेतकऱ्यावर आलं. लासलगावात लिलाव होऊन त्याच दिवशी हिशोबपट्टी हातात घेणाऱ्याला हे वाट बघणं जड वाटेल. पण एकदा घडी बसली की डब्यामागे उरणारी रक्कम शेतकऱ्याचीच असते.

भरलेला डबा आता न्यायचा आहे, आणि तो ज्या रुळावरून न्यायचा तो रूळ हीच शॉर्टलाइनची खरी कसोटी.

भरलेल्या हॉपरचं एकूण वजन जुन्या मर्यादेप्रमाणे २,६३,००० पौंड, म्हणजे ११९ टन. चार धुऱ्यांवर (चाकांच्या आसांवर) वाटलं तर एका धुरीवर जवळजवळ ३० टन. नवी मर्यादा २,८६,००० पौंडांची, ती धुरीला ३२ टनांच्या वर जाते. आपल्याकडे धुरीचा भार २२.९ टन, काही मार्गांवर २५, आणि खाली रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचे. प्रेअरीच्या फाट्यांवर कित्येक ठिकाणी ८५ पौंडी रूळ आहेत, म्हणजे मीटरला ४२ किलो, आणि काही त्याहून हलके. हलका रूळ आणि जड डबा. हे जमतं ते दोन गोष्टींनी: वेग कमी ठेवायचा, आणि फार हलक्या रुळावर डबा अर्धवट भरायचा.

वेग कमी म्हणजे किती? सर्वांत खालच्या वर्गाच्या मार्गावर मालगाडीला ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर. त्याच्या वरच्या वर्गात २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. खालच्या वर्गात ३९ फुटांच्या रुळाखाली निदान पाच स्लीपर सुदृढ असले तरी चालतात, आणि १,४३५ मिलिमीटरचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,४७३ पर्यंत पसरलेलं खपवून घेतात. स्लीपर साधारण २२ इंचांवर असतात, म्हणजे त्या ३९ फुटांत एकवीसेक. एकवीसपैकी पाच. हा आकडा वाचून इकडच्या रेल्वेतल्या माणसाच्या अंगावर काटा येईल. पण तो नियम गाडी चालवायची अखेरची हद्द सांगतो. शहाणी कंपनी त्या हद्दीपासून लांब राहते.

लांब राहण्याचा हिशोब असा आहे. किलोमीटरला साधारण १,८०० लाकडी स्लीपर, आपल्याकडे सिमेंटचे १,६६० असतात. क्रिओसोट (लाकूड कुजू न देणारं तेल) पाजलेला स्लीपर कोरड्या हवेत तीसेक वर्षं टिकला असं धरलं तर वर्षाला किलोमीटरमागे ६० बदलावे लागतात. शंभर किलोमीटरच्या फाट्याला वर्षाकाठी ६,०००. एखादं वर्ष पीक बुडालं, डबे कमी आले, की पहिली कात्री स्लीपरांना लागते. एक वर्ष काही बिघडत नाही. चार वर्षं सलग टाळले की २४,००० स्लीपर थकीत, आणि मग मार्ग ४० वरून १६ किलोमीटरवर उतरतो. १६ वर उतरला की तेच अंतर कापायला अडीचपट वेळ. चालक आणि कंडक्टर (आपल्या गार्डसारखा मालगाडीवरचा माणूस) यांचे कामाचे तास रस्त्यातच संपतात, दुसऱ्या पाळीची माणसं गाडीने पाठवावी लागतात. फाटे मरतात ते या साखळीने. घसरणुकीने सहसा नाही.

घसरणुकीचं एक कारण मात्र खास तिकडचं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे सरळ मार्गावर डाव्या आणि उजव्या रुळाचे सांधे समोरासमोर येतात. उत्तर अमेरिकेत ते एकाआड एक ठेवतात, डावा सांधा आला की साडेएकोणीस फुटांवर उजवा. सांधा जुना झाला की तिथे रूळ थोडा खचतो. त्यामुळे डबा आधी डावीकडे कलतो, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. ताशी २६ किलोमीटरच्या आसपास हे कलणं सेकंदाला ०.६ वेळा होतं, आणि भरलेल्या उंच हॉपरची स्वतःची डोलण्याची लय त्याच्या जवळपासच असते. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का बसावा तसा प्रत्येक सांधा डोलणं वाढवत जातो. बोग्यांमधलं अंतर रुळाच्या लांबीच्या जितकं जवळ, तितकं हे बळावतं. दहा-बारा सांध्यांनंतर एका बाजूची चाकं रुळावरून उचलली जातात. डबा वळणावर नव्हे, सरळ रेषेत, कमी वेगात घसरतो, आणि बघणाऱ्याला कारण सापडत नाही.

उपाय माहीत असेल तर सोपा आहे. ताशी २० ते ३४ किलोमीटर हा पट्टा टाळायचा: एक तर १६ च्या खाली रेंगाळायचं किंवा मार्ग चांगला असेल तर तो पट्टा झटकन ओलांडून ४० धरायचं. मार्ग सुधारायला पैसे थोडे असतील तर ते सगळीकडे न पसरता सांध्यांखाली घालायचे. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर बदलायचे, खडी ठासायची, फिशप्लेटचे बोल्ट कसायचे. सैल बोल्ट आधी ऐकू येतो, मग दिसतो. मार्ग तपासणारा माणूस रुळावर चालणाऱ्या पिकअपमधून जाताना खिडकी उघडी ठेवतो ती म्हणून. वळणावर बघायचं ते बाहेरच्या रुळाचे खिळे उचलले आहेत का. कुजक्या लाकडात खिळा धरत नाही, रूळ बाहेर सरकतो आणि चाक दोन रुळांच्या मध्ये पडतं. नवा स्लीपर येईपर्यंत दोन रुळांना बांधणारा गेज रॉड घालून वेळ निभावतात. तो कायमचा उपाय समजू नये.

हिवाळ्यात उणे ३०-४० अंशांत ब्रेकच्या नळ्यांचे रबर आखडून हवा गळते, म्हणून गाडी लहान करावी लागते. मातीच्या रस्त्यांच्या फाटकांत चाकाच्या कडेसाठी ठेवलेली खाच बर्फ आणि खडीने भरून गोठते, चाकाची कड जेमतेम २५-३० मिलिमीटर खोल, ती बर्फावर चढली की इंजिनच शेतात. गोठलेली जमीन फुगून रूळ उचलते तिथे दोन्ही बाजूंना रुळाखाली लाकडी पाचरा घालून उतार समान करतात आणि वसंतात जमीन बसली की एकेक काढून घेतात. काढायची विसरली तर तिथेच पुढची घसरण.

इंजिनांबद्दल इथल्या वाचकांना जवळचं वाटेल असं काही. ग्रेट वेस्टर्नकडे मॉन्ट्रिअल लोकोमोटिव्ह वर्क्सची एम-४२० इंजिनं होती. मॉन्ट्रिअलचा हा कारखाना अल्को या अमेरिकन इंजिन कंपनीचा कॅनडातला भाऊ, आणि एम-४२० मध्ये अल्कोचंच २५१ डिझेल, १२ सिलिंडरचं, २,००० अश्वशक्तीचं. वाराणसीत बनलेल्या आपल्या डब्ल्यूडीएम-२ मध्येही तेच २५१, फक्त १६ सिलिंडरचं आणि २,६०० अश्वशक्तीचं. सिलिंडरचा व्यास ९ इंच आणि स्ट्रोक साडेदहा इंच दोन्हीकडे सारखेच. मनमाड-दौंड मार्गावर विजेच्या तारा यायच्या आधी जे अडखळतं, खोल घुमणारं इंजिन ऐकू यायचं, तेच प्रेअरीवर गव्हाच्या डब्यांपुढे घुमत होतं. फरक थंडीचा. या इंजिनांच्या पाण्यात गोठणरोधक घालत नाहीत, त्यामुळे थंडीत इंजिन बंद ठेवायचं तर पाणी तापवत ठेवायचं किंवा काढून टाकायचं, नाहीतर ब्लॉकला तडा. म्हणून कित्येक शॉर्टलाइनवर हिवाळ्यात इंजिन रात्रभर धडधडत ठेवतात.

गाडी चालवण्याची रीत साधी आहे. फाट्यावर बहुधा एकच गाडी, म्हणून सिग्नल नाहीत. दिसतं आहे त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग, हा अशा मार्गांवरचा नियम. गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा सांधा (पॉइंट) बदलायला कंडक्टरच खाली उतरतो, गाडी पुढे गेली की पुन्हा सरळ करून कुलूप लावतो. डबे लावताना, काढताना आणि सोडून जाताना सर्वांत जास्त जीव ज्यात असतो ती गोष्ट म्हणजे हँडब्रेक.

६ जुलै २०१३ च्या रात्री क्वेबेकमधल्या लाक-मेगांतिक गावात ४७ माणसं गेली. ती गाडी मॉन्ट्रिअल, मेन अँड अटलांटिक या अशाच छोट्या रेल्वेची होती: पाच इंजिनं आणि कच्च्या तेलाच्या ७२ टाक्या. एकटा चालक नांत या ठिकाणी मुख्य मार्गावर गाडी उभी करून गेला. उतार १.२ टक्के, म्हणजे ८३ ला १. कसारा घाटाच्या ३७ ला १ पुढे तो काहीच नाही असं वाटेल. सात हँडब्रेक लावलेले होते. ते पुरेसे आहेत का हे बघायला गाडी इंजिनाने ढकलून-ओढून पाहायची असते, पण तसं बघताना इंजिनांचे हवेचे ब्रेक लागलेलेच होते. त्यामुळे गाडी हलली नाही, आणि हँडब्रेकने धरली असा समज झाला. नंतर चालू ठेवलेल्या इंजिनाला आग लागली, अग्निशमन दलाने ती विझवताना इंजिन बंद केलं, कॉम्प्रेसर थांबला, हवा हळूहळू गळली. ब्रेकचा खरा भार सात हँडब्रेकवर आला आणि गाडी निघाली. अकरा-साडेअकरा किलोमीटरच्या उतारावर तिने ताशी १०५ किलोमीटरचा वेग धरला. चौकशीत ठरलं की निदान १७, कदाचित २६ हँडब्रेक लागले असते.

घाटाखाली राहणाऱ्या आपल्या लोकांना यातलं मर्म लगेच कळेल. हवेचा ब्रेक गाडी थांबवतो, उभी गाडी धरून ठेवायला लोखंडच लागतं. परीक्षा घ्यायची तर इंजिनाचा हवेचा ब्रेक पूर्ण सोडून, फक्त हँडब्रेकवर गाडी ओढून बघायची. सरकली तर आणखी डब्यांवर चढायचं, चाकं फिरवायची, पुन्हा ओढून बघायची. रात्र असो, बर्फ असो, उशीर झालेला असो.

ग्रेट वेस्टर्नचे डबे अखेर असिनिबॉइयाला कॅनेडियन पॅसिफिकच्या हवाली होतात. २०२३ पासून त्या कंपनीचं नाव कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी. छोट्या रेल्वेची कमाई इथे मोजली जाते. शेतकरी बंदरापर्यंतचं पूर्ण भाडं भरतो, त्यातून शॉर्टलाइनला डब्यामागे ठरलेली रक्कम मिळते, आणि डबा तिच्या ताब्यात असेपर्यंत त्याचं तासांचं भाडं तिच्यावर चढत असतं. म्हणून रिकामा डबा मिळाला की तो शेतकऱ्याच्या साइडिंगला त्याच दिवशी लावायचा, भरला की लगेच उचलायचा. ज्या महिन्यांत धान्य नसतं तेव्हा रिकामी साइडिंग दुसऱ्यांचे पडून असलेले डबे ठेवायला दिवसावर भाड्याने देतात. ते पैसे थेट स्लीपरांत जातात.

असिनिबॉइयाला दोन्ही कंपन्यांची यादी पडताळायची असते: डब्याचा नंबर, सील, भरलेला की रिकामा, कोणाकडे जायचा. एक नंबर चुकला तर मसुराचा डबा गव्हाच्या टर्मिनलला जातो आणि परत फिरायला महिना लागतो. यादी जुळली, हँडब्रेक लागले, ओढून बघितले, की शॉर्टलाइनचं इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जाऊन रिकाम्या हॉपरांना जोडतं आणि शॉनव्हनकडे निघतं.